‘पाणी कमी पी’ असं मीच तिला शिकवलं होतं

(संघटनेच्या उन्हाळी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला बोलायची सवय आहे, पण ती उभ्यानं, चालता चालता, आणि पाठीशी एखादं लेणं असताना. असं खुर्च्यांसमोर माईक धरून बोलायचं म्हटलं की हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. सांभाळून घ्या.

मी गाईड आहे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेली पंचवीस-सव्वीस वर्षं अजिंठा, वेरूळ, देवगिरीचा किल्ला, मकबरा दाखवते. मी या कामात आले तेव्हा आमच्याकडे बायका गाईड बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. गाडीत पुढच्या सीटवर बसले की ड्रायव्हर आरशातून दोनदा बघायचा. आता बऱ्याच मुली आल्या आहेत. इतिहासात एम. ए. केलेल्या, जपानी शिकलेल्या, कोरियन शिकलेल्या. माझ्यापेक्षा हुशार आहेत.

आजचा विषय ‘ऊन आणि बाईचं काम’ असा आहे. सकाळपासून शेतमजूर ताई बोलल्या, वीटभट्टीवरच्या ताई बोलल्या, बांधकामावरच्या बोलल्या. त्यांच्यानंतर मी उन्हाबद्दल बोलायचं म्हणजे खरं सांगते, लाज वाटत होती. आम्ही एसी गाडीतून उतरतो, गॉगल लावतो, इंग्रजी बोलतो. आम्हाला कसलं आलंय ऊन? पण मघाशी त्या कापूस वेचणाऱ्या ताई म्हणाल्या ना, “पानी पिऊन जायचं कुटं?” तेव्हा मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. कारण माझ्या सगळ्या भाषणाचं मूळ तेवढंच आहे.

आधी कामाची थोडी कल्पना देते. आमचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. परदेशी पाहुणे तेव्हाच येतात. पण शाळांना सुट्ट्या लागल्या की एप्रिल-मेमध्ये आपलीच माणसं येतात. मुंबई-पुण्याची कुटुंबं, शिक्षकांच्या सहली, गुजरात-बंगालचे ग्रुप. बुद्धपौर्णिमा तर वैशाखातच येते, तेव्हा लेण्यांवर भाविकांची रीघ लागते. म्हणजे पारा चाळीसच्या पुढे असतो त्याच दोन महिन्यांत आमच्याकडे घरचे पाहुणे असतात. आणि ज्या गाईडना हिवाळ्यात परदेशी ग्रुप मिळत नाहीत, म्हणजे नव्या मुली, ज्यांना एखादीच भाषा येते अशा, त्यांचं वर्ष या दोन महिन्यांवर चालतं. उन्हाचं काम नेहमी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला येतं. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

वर्तमानपत्रात येतो तो पारा चिकलठाण्याच्या वेधशाळेतला असतो. तो सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेला. आमची लेणी काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेली. हा खडक दहा वाजल्यापासून तापायला लागतो आणि रात्रीपर्यंत धग सोडत राहतो. कैलास लेणं तुम्ही पाहिलंच असेल. डोंगर वरून खाली कोरत आणून मधे देऊळ सोडलंय. त्याच्या चारी बाजूंनी उंच कडे आणि वर उघडं आकाश. दुपारी एक वाजता त्या अंगणात उभं राहिलं की आपण कढईत उभं आहोत असं वाटतं. वारा आत येत नाही. आणि पाहुण्यांना शिल्पं दाखवायची म्हणजे मान वर करून, सूर्य तोंडावर घेऊन, अखंड बोलायचं. अजिंठ्याची दरी घोड्याच्या नालेसारखी वळलेली, तिथेही तीच तऱ्हा. शिवाय चित्रांच्या लेण्यांत जाताना चपला बाहेर काढायच्या. दिवसातून कितीदा तरी तापल्या फरशीवर अनवाणी पाय पडतो.

आमच्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच उडून जातो. त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. कोकणातल्या बाईला निदान पदर ओला झालेला दिसतो.

मी नवी होते तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी मला युक्ती सांगितली होती. सकाळी सहाला चहा घे, त्यानंतर पाणी नुसतं ओठ ओले करण्यापुरतं. दुपारी जेवायला हॉटेलवर जाईपर्यंत निभावतं. मला ती युक्ती फार आवडली. मी ती पंधरा-वीस वर्षं पाळली आणि तिचा मला अभिमान होता. पुरुष गाईड दर तासाला कुठेतरी झाडामागे जाऊन यायचे, आणि मी? सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत एकदाही नाही! जणू काही कुस्तीच जिंकली. दरवर्षी मे महिन्यात लघवीला जळजळ व्हायची, एकदा मूतखडा निघाला, तो मी प्रकृतीच्या नावावर खपवला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी पिता का? मी म्हटलं, नाही हो, व्यवस्थित पिते. रात्री पितच होते की!

स्वच्छतागृहं नाहीत असं नाही. आहेत. पण ती प्रवेशद्वाराशी, गाडीतळाशी आहेत. लेण्यांच्या शेजारी ती बांधता येत नाहीत हे मलाही कळतं. पण वेरूळच्या जैन लेण्यांपाशी उभं असताना किंवा अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात असताना खालचं स्वच्छतागृह म्हणजे जाऊन-येऊन अर्धा तास. तीस माणसं उन्हात उभी करून गाईड कशी जाणार? किल्ल्यावर तर विचारूच नका. पाहुणीला जावं लागलं तर सगळा ग्रुप समजुतीनं थांबतो. गाईडनं जायचं म्हटलं की घड्याळं बघतात.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती मुलगी इथे आलेली नाही, पण तिला विचारून सांगते आहे.

२०२२ चा मे महिना होता. त्या वर्षी मार्चपासूनच भाजत होतं, तुम्हाला आठवत असेल. ती आमच्यात सगळ्यात धाकटी, दुसराच उन्हाळा तिचा. देवगिरीच्या किल्ल्यावर तिच्याकडे शिक्षकांची सहल होती, बायकामुलांसकट. माझा दुसरा ग्रुप होता, मी खाली खंदकाशी होते. गाड्या उशिरा निघालेल्या, त्यामुळे किल्ला चढायला सुरुवातच साडेदहाला झाली. अंधारीतून बाहेर पडून वरच्या पायऱ्या लागल्या की सावली संपते. तिथे कुठेतरी ती रामदेवराय यादवाचं सांगता सांगता कैलास लेण्याचं सांगू लागली. मग परत यादवांवर आली. मग तेच वाक्य पुन्हा, आणि पुन्हा. लोक हसले. एकजण म्हणाले, “मॅडमची कॅसेट अडकली!”

त्या सहलीत एका शिक्षकांची बायको ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. तिला हसू आलं नाही. तिनं पुढे होऊन हिच्या मानेला हात लावला आणि ओरडली, “हिला आडवं करा!” तोवर ही खाली बसलीच होती.

मला निरोप आला तेव्हा मी धावत वर गेले. त्या नर्सताईनं काय केलं ते सांगते, कारण ते तुमच्याही कामी येईल. तिला उचलून अंधारीच्या तोंडाशी सावलीत नेलं. बायकांनी ओढण्या धरून आडोसा केला. अंगावर कंपनीची साडी होती, पॉलिस्टरची, आतून परकर, ठिकठिकाणी पिना. त्या पिना काढायलाच दोन मिनिटं गेली. मग सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी तिच्या मानेवर, काखेत, जांघेत, डोक्यावर ओतलं आणि वह्यांनी, टोप्यांनी वारा घातला. कुणीतरी तिच्या तोंडात पाणी घालायला गेलं तर नर्सताईनं हात झटकला. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. एकीकडे १०८ ला फोन. चौघांनी तिला उचलून खाली आणलं. तीन दिवस ती दवाखान्यात होती. किडनीवर ताण आला होता, पुढे दोन महिने फेऱ्या झाल्या. वाचली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलात? ती म्हणाली, दोन घोट. पाळीचा दुसरा दिवस होता, वर सोय नाही म्हणून. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ताईंनीच सांगितलंय, दोनपर्यंत निभावतं.”

मी काही बोलले नाही. काय बोलणार? ज्या युक्तीवर मी इतकी वर्षं मिरवत होते ती मी तिला मोठ्या मायेनं दिली होती, लेकीला एखादा दागिना द्यावा तशी. बाईनं बाईला दिलेलं शहाणपण आपण नेहमी चांगलंच मानतो. त्यातलं बरंचसं शहाणपण म्हणजे सोसायचं कसं याचे धडे असतात, हे मला त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं.

पुढचं ऐका. ज्या ट्रॅव्हल कंपनीचा तो ग्रुप होता, तिनं तिला अर्ध्या दिवसाचे पैसे दिले. टूर पूर्ण झाली नाही म्हणून! दवाखान्याचं बिल? त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही. कारण आम्ही कुणाच्या नोकर नाही. आम्हाला परवाना सरकार देतं, काम कंपनी देते, पैसे कधी कंपनी देते, कधी पाहुणे. मालक म्हणून बोट दाखवायला जावं तर समोर कुणीच नसतं. कारखान्यातली बाई निदान फाटकावर जाऊन बसू शकते. आम्ही कुठल्या फाटकावर बसायचं? कैलासाच्या?

पण खरा दणका पुढच्या उन्हाळ्यात बसला. दोन-तीन कंपन्यांनी ठरवूनच टाकलं की एप्रिल-मेमध्ये बायका गाईड नकोत. आम्हाला सांगताना सूर अगदी काळजीचा. “मॅडम, तुमच्याच भल्यासाठी. लेडीजना झेपत नाही हे ऊन.” म्हणजे पाणी नाही, विसावा नाही, वेळ बदलायची नाही, पण बाईला मात्र घरी बसवायचं. तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवेल, कारखान्यात रात्रपाळीला बायका नकोत हा १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधला नियमही असाच काळजीतून आलेला होता. त्यावर आपण किती वाद घातले! रस्त्यावर दिवे लावा, गाड्या सोडा असं म्हणायच्या ऐवजी बाईचीच पाळी काढून घ्यायची. आणि त्याच वर्षी आमचे एक पुरुष सहकारी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारे, मकबऱ्यात चक्कर येऊन पडले. त्यावरून ‘जेंट्सना झेपत नाही’ असं कुणी म्हटलं नाही.

तेव्हा आम्ही सातजणी माझ्या घरी जमलो. गच्चीत, संध्याकाळी, कारण घरात बसवत नव्हतं. त्या नर्सताईंना बोलावलं, त्या आल्या. पहिला तासभर नुसत्या एकमेकींच्या गोष्टी. कुणी सांगितलं, पाळीच्या दिवसांत दोन-दोन पॅड लावून आठ तास काढते, मांड्या सोलून निघतात. एक माझ्या वयाची. पाळी जाताना अंगातून ज्या वाफा येतात त्यात आणि उन्हात तिला फरकच कळेना, चक्कर आली तर कशाची हे ठरवता येईना. एकजण म्हणाली, मला ऊन चालेल, पण जेवणानंतर पंधरा मिनिटं कुठे तरी पाठ टेकायला मिळू दे.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. गाडीतळापाशी कडुनिंबाचं झाड आहे. दुपारी त्याखाली ड्रायव्हर झोपलेले असतात, पुरुष गाईड झोपलेले असतात, दगड विकणारी पोरं झोपलेली असतात. तोंडावर रुमाल टाकला की झोप. त्या झाडाखाली आडवी झालेली बाई मी कधीही पाहिलेली नाही. सावली तीच आहे, पण ती आम्हाला घेता येत नाही. आम्ही गाडीत बसतो, आणि गाडीचा एसी डिझेल वाचवायला बंद असतो. शहरात बाईनं बिनकामाचं रेंगाळणं या विषयावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली आलं. एका मुलीनं ते वाचलं होतं. ती म्हणाली, ताई, आपल्याला तर रेंगाळायलाही नको, नुसतं आडवं व्हायचंय.

नर्सताईंनी शरीराचं गणित समजावलं. मी थोडक्यात सांगते. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. उन्हात काम असेल तर दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मोठे घोट नव्हे, थोडं थोडं. नुसतं पाणीही तासन् तास पुरत नाही, घामाबरोबर मीठ जातं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, नाहीतर ओआरएसची पुडी. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं आपण मागे पडलोय. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, हे पहिले इशारे, तेव्हाच थांबायचं. बोलणं अडखळलं, माणूस भलतंच बोलू लागला, चाल बिघडली, तर तो उष्माघात. मग घाम येतोय की नाही हे बघत बसायचं नाही, पाणी ओतायचं आणि १०८. आणि शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी किल्ला घ्यायचा नाही. खिशात कांदा ठेवण्याबद्दल मी विचारलं. आमच्याकडे सगळेच ठेवतात. त्या म्हणाल्या, ठेवा, पण जेवताना खा.

हे सगळं आम्ही लिहून घेतलं. आणि मग एक मुलगी म्हणाली, “हे सगळं बरोबर आहे, पण दर वीस मिनिटांनी पेलाभर म्हणजे चार तासांत बारा पेले. जायचं कुठे?” आलो परत तिथेच. मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली, तेव्हा लोकांना ती गंमत वाटली होती. आम्हाला ती उष्माघाताची मोहीम वाटते.

तर आम्ही काय केलं? एक म्हणजे वेळ फिरवली. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला आहेत. सूर्य मागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ सगळी रांग सावलीत असते. दुपारनंतर ऊन थेट आत येतं. गंमत अशी, की फोटोवाल्यांना तेच ऊन हवं असतं, म्हणून सगळे सांगतात कैलास दुपारी बघा. आम्ही उलटं सांगायला लागलो. वेरूळ सूर्योदयाला उघडतं. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं येणारी मंडळी पहाटे उतरतात, हॉटेलात जाऊन नऊपर्यंत लोळतात. आम्ही म्हटलं, सहाला चला, कैलासात त्या वेळी पोपट आणि तुम्ही दोघंच. साडेदहाला नाश्त्याला परत. पहिल्यांदा कुरकुर झाली. ज्यांनी ऐकलं ते आता दुसऱ्यांना सांगतात. किल्ला दहाच्या आत उतरायचा, नाहीतर चढायचाच नाही, चांद मिनारापाशी उभं राहून सांगायचं.

अजिंठ्याचं तसं जमत नाही. ते उघडतंच नऊला, आणि शहरापासून शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढे बस. पोचेपर्यंत दहा. तिथे आम्ही एवढंच केलं, की आधी शेवटच्या लेण्यापर्यंत चालत जायचं आणि बघत बघत परत यायचं, म्हणजे उन्हातली मोठी चाल आधी संपते. जेवढं सांगायचं ते बसमध्ये किंवा लेण्याच्या सावलीत, उन्हात तोंड बंद. कमरेला लावायचे छोटे माईक घेतले वर्गणी काढून. ते फक्त बाहेर, चित्रांच्या लेण्यात आवाज खालीच ठेवायचा.

चित्रांवरून आठवलं. अजिंठ्याच्या चित्रांना माणसांच्या श्वासातल्या ओलीनं इजा होते, म्हणून एका वेळी ठरावीकच माणसं आत सोडतात, दिवे मंद ठेवतात, फ्लॅश बंद. हे सगळं योग्यच आहे, मी स्वतः पाहुण्यांना दटावते. पण बाहेर रांगेत उभं राहून कधी कधी मनात येतं, त्या पद्मपाणीच्या तब्येतीची जेवढी चौकशी होते तेवढी आपली कुणी केली असती तर! असो.

कपड्यांवरून मोठं भांडण झालं. एका कंपनीला साडीच हवी होती, ‘भारतीय संस्कृती’. मी म्हटलं, सुती साडी द्या, संस्कृती तीच. शेवटी सुती सलवार-कमीज, अंगभर बाह्या, टोपी आणि ओली ओढणी यावर तडजोड झाली. ओली ओढणी आम्हाला लेणी झाडणाऱ्या बायकांनी शिकवली. त्या कंत्राटावर आहेत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच. त्यांच्याबद्दल शेवटी बोलते.

पैशाचं मात्र अर्धवटच झालं. आमची मागणी अशी होती, की ऊन फार म्हणून दुपारचा भाग गाळला तरी दिवसाचे पैसे पूर्ण मिळावेत, आणि दुपारी दोन तास सुट्टी धरावी. पुरुष गाईड आधी हसले, मग निम्मे आमच्याबरोबर आले, कारण सुट्टी त्यांनाही हवीच होती. काही कंपन्यांनी मान्य केलं. काहींनी सरळ आम्हाला सोडून दुसरे गाईड घेतले, आणि ते दुसरे गाईड आमच्याच ओळखीचे, गरजू. त्यांना दोष देववत नाही. आमच्यातल्या दोघींना त्या उन्हाळ्यात काम जवळजवळ मिळालंच नाही. हे मी लपवणार नाही.

बाहेरच्या जगात काय चाललंय तेही थोडं सांगते, म्हणजे आपण काही अजब मागतोय असं वाटणार नाही. ग्रीसमध्ये, अथेन्सला, २०२३ च्या जुलैत उन्हामुळे अ‍ॅक्रोपोलिस दुपारी बंद ठेवलं, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं दुपारी काही तास काम थांबवलं. रोमला २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोलोसियममध्ये एक गाईड बाई ग्रुप दाखवता दाखवता कोसळल्या आणि गेल्या. माझ्याएवढ्याच होत्या वयानं. ती बातमी आमच्या मुलींनी मला रात्री पाठवली, मला झोप लागली नाही. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यानंतर महापालिकेनं २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला. आणि ‘सेवा’नं आपल्या सभासद बायकांसाठी उन्हाचा विमा काढला. पारा ठरावीक आकड्याच्या वर गेला की दवाखान्याचा कागद न मागता थेट खात्यात पैसे. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायकांना चारशे-चारशे रुपये मिळाले. चारशे रुपयांत काय होतं? एक दिवस घरी बसता येतं. एक दिवस घरी बसता येणं ही काय चीज आहे ते रोजंदारीवरच्या बाईला विचारा.

आणि आपल्याकडे? १६ एप्रिल २०२३ ला खारघरला सरकारी पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात मैदानावर लाखो लोक बसवले होते, दहाहून जास्त माणसं उष्माघातानं गेली. त्या दिवशी तिथला पारा चाळीससुद्धा नव्हता. कोकणातली दमट हवा, घाम सुकत नाही, आणि तासन् तास सावली नाही. तेव्हा ‘आमच्याकडे कुठे एवढं ऊन’ असं पनवेल-रत्नागिरीच्या मैत्रिणींनी म्हणू नये.

आता त्या झाडणाऱ्या बायका. आमच्या पहिल्या अर्जात आम्ही ‘महिला गाईडसाठी विश्रांतीची खोली’ असं लिहिलं होतं. अर्जाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. त्यातली एक मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही चार तास असता, आम्ही दिवसभर. खोली झाली तर झाडायला आम्हीच येणार ना?” मला उत्तर सुचलं नाही. तो अर्ज आम्ही परत घेतला आणि नवा लिहिला, दगड विकणाऱ्या पोरांपासून डोलीवाल्यांपर्यंत सगळ्यांना विचारून. त्यात आता असं आहे: लेण्यांवर काम करणाऱ्या सर्व बायकांसाठी, कुणाच्याही नोकरीत असोत वा नसोत, पंखा, पाणी आणि आडवं होण्यापुरती जागा असलेली खोली, तिला लागून स्वच्छतागृह. वाटेत दोन ठिकाणी पिण्याचं पाणी आणि कापडी मांडव. उन्हाळ्यात अजिंठा सकाळी सातला उघडणं. पारा एका मर्यादेपुढे गेला की दुपारी तीन तास सगळ्यांचं काम बंद, पुरुषांचंही. गाईडच्या पैशात कपात नाही.

अर्ज दिलाय. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलाय एवढं कळलं. एका साहेबांनी विचारलं, तुम्ही नेमक्या कुणाच्या कर्मचारी? मी म्हटलं, तेच शोधतोय.

ती धाकटी पुन्हा कामावर आली आहे. खांद्याला दोन लिटरची बाटली लटकवते, आणि ग्रुपला नमस्कार करून झाला की पहिलं वाक्य तेच सांगते, मी दर वीस मिनिटांनी थांबणार आहे, पाणी पिणार आहे, आणि मला जावं लागलं तर तुम्ही दहा मिनिटं सावलीत बसणार आहात. लोक मान डोलावतात. इतकं सोपं होतं, आणि मला पंचवीस वर्षांत सुचलं नाही.

अर्जाच्या प्रती मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्यात. रायगड, लोणार, पन्हाळा, जिथे कुठे तुमच्या ओळखीच्या बायका उन्हात उभं राहून काम करत असतील तिथलं नाव घालून वापरा. मजकुरात काही चुकलं असेल, कुणी राहिलं असेल, तर मला आजच सांगा. मार्चच्या आधी आम्हाला तो पुन्हा द्यायचा आहे.